संगणकावरचें गाणें आणि अण्णांची पेटी

गाणें ऐकण्याच्या साधनांवरून आमच्या घरांत जितके मतभेद झाले आहेत, तितके वडिलोपार्जित भांड्यांच्या वांटणीवरूनहि झाले नसतील. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस याचें नवल वाटणार नाहीं. जेथें दहा माणसें तेथें वीस कान, आणि प्रत्येक कानाचा हट्ट निराळा! आमच्या तीर्थरूपांच्या, म्हणजे अण्णांच्या, तरुणपणीं हा वाद रेडिओच्या कांट्याभोंवतीं फिरत असे; आमच्या तरुणपणीं रेकॉर्ड बरी कीं कॅसेट बरी या प्रश्नावर तो आला; आणि आतां चिरंजीवांच्या काळांत तो संगणकाच्या पडद्यावर जाऊन बसला आहे. संगणकांत सांठविलेलें गाणें वाजविणारे जे अनेक प्लेअर मिळतात, त्यांपैकीं कोणत्या प्लेअरमधून आवाज सर्वांत चांगला येतो, आणि तो प्लेअर कसा लावावा, हा आजचा वादाचा विषय होय. या वादांत आमचा सपशेल पराभव झाला. परंतु त्या पराभवांतून आमच्या घराला जें परत मिळालें, तें आम्ही जिंकलों असतों तर मिळालें नसतें. म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटते.

आम्ही बोरीवलीस पश्चिमेकडे राहतों. गिरगांवांतील चाळींतल्या दोन खोल्या सोडून १९८१ सालीं येथें आलों आणि शेजारशेजारचे दोन ब्लॉक मधली भिंत काढून एक केले. सामानाबरोबर गाणेंहि आलें. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव यांच्या कांहीं जुन्या तबकड्या होत्या. मागाहून जमलेल्या मोठ्या रेकॉर्डी होत्या. आणि सुमारें दीडशें कॅसेटी होत्या. बहुतेक कॅसेटी बाजारांतल्या. थोड्या मात्र घरच्या. घरच्या म्हणजे मुंजीच्या, बारशांच्या, मंगळागौरीच्या, आणि एक आमच्या आत्याच्या गाण्याची. आत्या माहेरीं असतांना रीतसर गाणें शिकली होती. लग्नानंतर चारचौघांत ती क्वचितच गाइली. १९७८ सालीं गौरींच्या रात्रीं ती गिरगांवांत आली असतां अण्णांनीं पेटी काढली, आणि ती एक भीमपलास व एक भैरवी गाइली. तेवढीं अकरा मिनिटेंच काय तीं कॅसेटवर उतरलीं. १९९१ सालीं आत्या वारली.

२००६ सालीं घरास रंग द्यावयाचा होता. कपाटें रिकामीं करतांना आम्हांस एक शहाणपण सुचलें. सर्व कॅसेटी एका दुकानदाराकडे देऊन त्यांच्या संगणकी प्रति करून घेतल्या, आणि मूळ कॅसेटी भंगारांत देऊन टाकल्या! याच मुंबईंत १९९० सालापासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था काम करीत आली आहे. श्री. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या मंडळींनीं जुन्या तबकड्या जपण्यासाठीं वर्षांचीं वर्षें खर्चिलीं. आम्हीं दोन फळ्या मोकळ्या व्हाव्या म्हणून घरचें गाणें भंगारवाल्याच्या कांट्यावर घातलें. या कर्माचें फळ पुढें मिळावयाचें होतें.

आतां प्लेअरच्या वादाकडे येऊं. घरांत तीन पक्ष होते. धाकटे बंधु म्हणत कीं, संगणकाबरोबर जो प्लेअर येतो तो पुरे. गाणें तें गाणें. चिरंजीव 'फूबार २०००' या प्लेअरचे भक्त. पीटर पाव्लोव्स्की नांवाच्या गृहस्थानें २००२ सालीं तो प्रथम प्रसिद्ध केला व तो फुकट मिळतो. त्याचें रूप एखाद्या जमाखर्चाच्या वहीसारखें रुक्ष आहे. तिसरा पक्ष आमचा. आम्हीं कांहीं हजार रुपये मोजून एक परदेशी प्लेअर घेतला होता. त्याचा पडदा काळाभोर, अक्षरें सोनेरी, आणि गाणें लावलें कीं एक निळा दिवा मंदपणें उजळे. पहिल्याच दिवशीं आम्हांस असा साक्षात्कार झाला कीं, गवयाच्या आणि आमच्यामधला कांहीं एक पडदा दूर झाला. पैसे दिल्यावर असे साक्षात्कार फार लौकर होतात, हें त्यावेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, आधीं हें पाहूं कीं प्लेअर करतो तरी काय." मग त्यांनीं जें समजावून दिलें तें आम्ही आमच्या शब्दांत सांगतों. संगणकांत गाणें हें आंकड्यांच्या रूपानें असतें. १९८२ सालीं जी सीडी निघाली तिच्यांत दर सेकंदास ४४,१०० वेळां आवाजाचें माप घेतलेलें असतें, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर बसविलेलें असतें. यालाच सोळा बिटांचें माप म्हणतात. मनुष्याचा निरोगी कान सेकंदाला वीसपासून वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. आणि जितकीं कंपनें पकडावयाचीं त्याच्या दुपटीहून अधिक वेळां माप घेतलें असतां मूळ लहर पुरती परत उभी करतां येते, हा शास्त्राचा नियम आहे. म्हणून चव्वेचाळीस हजार ही संख्या. प्लेअरचें काम इतकेंच कीं, हे आंकडे फाइलींतून काढून आवाज निर्माण करणाऱ्या यंत्राच्या हवालीं करावे. दोन प्लेअरांनीं तेच आंकडे त्याच यंत्राच्या हातीं दिले, तर आवाजांत फरक पडण्यास कारणच उरत नाहीं. दोन निरनिराळ्या पोस्टमनांनीं तेंच पत्र आणून दिलें म्हणून आंतला मजकूर बदलत नाहीं. मग एका पोस्टमनचा पोषाख कितीहि झगझगीत असो!

मात्र वाटेंत पत्र फोडणारे कोणी नसावे, ही अट आहे. असे लोक संगणकांत पुष्कळ असतात. विंडोज प्रणालींत सर्व आवाज एका मिश्रणकेंद्रांत जातात. तेथें आपलें गाणें, निरोप आल्याची घंटा, आणि सूचनांचे टिणटिणाट एकत्र होतात व सर्वांचे आंकडे एकाच ठराविक मापांत, पुष्कळदां सेकंदाला ४८,००० या मापांत, बसविले जातात. याशिवाय 'एन्हान्समेंट्स' म्हणून कांहीं सुधारणा आधींच चालू करून ठेवलेल्या असतात. एक खर्ज फुगविते, एक हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू करिते, एक बंद खोलीला सभागृहाचें सोंग देते. गवयानें आयुष्य घालवून जो आवाज लहानमोठा करावयास शिकावा, तो या सुधारणेनें एका पातळीवर आणून ठेवावा, याला सुधारणा म्हणणें म्हणजे आमटींत मीठ, चिंच आणि गूळ प्रत्येकी एकेक वाटी घालून समता प्रस्थापित करण्यासारखें आहे.

चिरंजीवांनीं सर्व कांहीं नीट लावून दिलें. वाचकांपैकीं कोणास उपयोग होईल म्हणून क्रम देतों. प्रथम विंडोजच्या ध्वनीच्या मांडणींत जाऊन त्या सर्व सुधारणा बंद केल्या. मग यंत्राचें माप ४४,१०० वर ठेवलें, कारण आमचीं बहुतेक गाणीं त्याच मापाचीं आहेत. नंतर प्लेअरमध्यें 'वासापी एक्सक्लूझिव्ह' ही वाट निवडली. हिच्यामुळें गाणें चालू असेपर्यंत यंत्र एकट्या प्लेअरच्या ताब्यांत राहतें, मिश्रणकेंद्र टळतें, आणि आलापीच्या ऐन मध्यावर सोसायटीच्या गटांतून "उद्यां पाणी येणार नाहीं" या निरोपाची घंटा वाजत नाहीं. हा एकच लाभ आमच्या मतें सर्व खटाटोपाचें सार्थक करणारा आहे. इक्वलायझर, म्हणजे खर्ज-तार कमीजास्त करण्याच्या पट्ट्या, त्यांनीं सरळ काढून टाकल्या. आधीं स्पीकरचें बटण खालीं आणून संगणकांतला आवाज पूर्ण ठेवला, व पुढें कमीजास्त करणें तें स्पीकरवर. शेवटीं 'रीप्लेगेन' चालू केलें. ही सोय प्रत्येक गाण्याचा सरासरी जोर मोजून एक आंकडा फाइलीच्या कपाळीं लिहून ठेवते. मूळ गाण्यास धक्का लावीत नाहीं. वाजवितांना प्लेअर त्या आंकड्याप्रमाणें जोर जुळवितो. त्यामुळें जुन्या तबकडीनंतर हल्लींचें सिनेमाचें गाणें लागलें तरी आजी दचकत नाहीं.

इतकें झाल्यावरहि आम्हीं आपला हट्ट सोडला नाहीं. आमचा प्लेअर अधिक गोड वाजतो हें आमचे कान सांगत होते. तेव्हां एका रविवारीं दुपारीं परीक्षा ठरली. संगणकासमोर चादर धरली, नातवानें नाणें उडवावें, छाप पडल्यास चिरंजीवांनीं फूबार लावावा, कांटा पडल्यास आमचा सोनेरी प्लेअर, आणि आम्हीं केवळ ऐकून ओळखावें, असे दहा प्रयोग करावयाचे होते. पहिल्या चार खेपा आम्हीं अचूक ओळखल्या! आमच्या सौभाग्यवतींनीं आमच्याकडे कौतुकानें पाहिलें. इतक्यांत चिरंजीवांच्या लक्षांत आलें कीं, आमचा प्लेअर स्वतःच आवाज जरासा चढवून वाजवीत आहे. अर्थात् फरक गोडीचा नव्हता, जोराचा होता. जरासें मोठें वाजलें कीं तें कानाला अधिक स्पष्ट आणि अधिक भरदार वाटतें, ही कानाची जुनी खोड आहे व व्यापाऱ्यांस ती ठाऊक आहे. दोहोंचा जोर समान करून पुन्हां दहा प्रयोग केले. आमचीं पांच उत्तरें बरोबर आलीं. नाण्यानें उत्तरें दिलीं असतीं तर त्याचींहि साधारण तितकींच बरोबर आलीं असतीं. धाकट्या बंधूंनीं विचारलें, "दादा, कांहीं हजार दिलेत ना?" आम्हीं चहा मागविला.

पण त्याच दुपारीं दुसरी एक गोष्ट सिद्ध झाली आणि ती महत्त्वाची होती. फूबारमध्यें एक जोड मिळते. तिच्या साह्यानें एकाच गाण्याच्या दोन प्रति, नांवें झांकून, तुलनेनें ऐकतां येतात. सीडीवरील एक ख्याल घेऊन चिरंजीवांनीं त्याची एक प्रत 'फ्लॅक' मध्यें व दुसरी आमच्या २००६ सालच्या प्रतींप्रमाणें १२८ च्या एमपीथ्री मध्यें केली. सूनबाईंनीं दहांपैकीं नऊ वेळां दोन्ही अचूक ओळखल्या. इतकें यश केवळ नशिबानें मिळण्याचा संभव हजारांत सुमारें अकरा आहे. त्यांना विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "तानपुऱ्याची जवारी विरलीसारखी वाटते." ३२० च्या एमपीथ्रीशीं तुलना केली तेव्हां मात्र घरांतल्या कोणासच फरक सांगतां आला नाहीं.

याचें कारण सोपें आहे. सीडीवर दर सेकंदास १४,११,२०० बिट असतात. १२८ च्या एमपीथ्रींत १,२८,००० असतात. म्हणजे अकरांपैकीं दहा भाग गाळलेले. मोठ्या आवाजाखालीं जे बारीक आवाज झांकून जातात ते कानास कळत नाहींत, या तत्त्वावर जर्मनींतील फ्रॉनहोफर संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं ही युक्ति उभारली, आणि ती विलक्षण बुद्धीची आहे यांत शंका नाहीं. परंतु फार ताणली म्हणजे झांकलेल्याबरोबर उघडेंहि थोडें जातें. २००१ सालीं निघालेला फ्लॅक याच्या उलट. तो जागा सुमारें अर्ध्यावर आणतो, पण एक आंकडाहि हरवीत नाहीं. आमच्या सौभाग्यवतींस हें समजावून देतांना आम्हीं असें सांगितलें कीं, फ्लॅक म्हणजे नऊवारी घडी घालून पेटींत ठेवणें, आणि एमपीथ्री म्हणजे तिची कापून पांचवारी करणें. नेसल्यावर पाहणाऱ्यास फरक दिसेल न दिसेल. पण पुन्हां नऊवारी नेसावयाची म्हटलें तर चार वार आणावयाचे कोठून? त्या एकदम म्हणाल्या, "मग वन्संचें—" आणि थांबल्या. सासूबाईंच्या नणंदेस त्या आपल्या सासूबाईंचेंच पाहून वन्सं म्हणत आल्या आहेत. आत्याची कॅसेट भंगारांत गेली होती. घरांत उरली होती ती पांचवारीच.

तेव्हां सर्वांच्याच मनांत आलें कीं, इतकी सिद्धता झाली आहे तर आत्याचें गाणें लावावें. तोंपर्यंत अण्णा कोपऱ्यांत आरामखुर्चीवर डोळे मिटून पडले होते. त्यांस अठ्ठ्याऐंशीवें वर्ष चालू आहे. कानांत यंत्र आहे. आमच्या परीक्षेंत त्यांस कोणीं विचारलें नव्हतें. साठीपुढें वरच्या कंपनांस कान हळूहळू मुकतो हें शास्त्र आम्हांस नुकतेंच कळलें होतें. त्यामुळें अण्णांस विचारण्याचें प्रयोजनच कोणास वाटलें नाहीं. शिवाय आत्याच्या गाण्याविषयीं त्यांचें एक जुनें वेड घरांत सर्वांस ठाऊक होतें. २००६ सालीं ती प्रत प्रथम लावली तेव्हां ते "ही ताई नव्हे" एवढें म्हणून उठून गेले होते, आणि त्यानंतर एकदांहि ऐकावयास बसले नव्हते. बहिणीच्या आठवणीनें जीव कासावीस होत असेल, अशी आम्हीं समजूत करून घेतली. पुढें पुढें वयाचा परिणाम म्हणून सोडून दिलें.

भीमपलास सुरू झाला. अण्णा डोळे न उघडतां पुन्हां तेंच म्हणाले, "ही ताई नव्हे." या खेपेस नातू जवळ होता. त्यानें आमच्यासारखी समजूत करून न घेतां सरळ विचारलें, "पणजोबा, मग कोण आहे?"

अण्णा म्हणाले, "ताई काळी चारमध्यें गाइली. पेटी मीं धरली होती. माझें बोट काळी चारवर होतें. हें गाणें काळी चारमध्यें नाहीं. आणि ती इतकी घाईनें कधींच गात नसे."

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग चिरंजीव उठले आणि दिवाणाखालून पेटी काढली. ती तीच पेटी आहे; गिरगांवाहून आलेली. अण्णांनीं काळी चार दाबली. संगणकांतून येणारा षड्ज स्पष्टपणें तिच्या वर होता, आणि पांढरी सहाच्या किंचित् खालीं. भैरवीच्या अखेरीस पुन्हां ताडून पाहिलें तर तो पांढरी सहाच्याहि वर गेला होता. मुद्रणांत वाजणारी पेटी आणि समोरची पेटी एकच. पेटीचे सूर कांहीं अकरा मिनिटांत वर चढत नाहींत. तेव्हां चढली होती ती कॅसेटची गति!

आणि मग आमच्या पोटांत धस्स झालें. त्या रात्रीं यंत्राचें बटण आम्हींच दाबलें होतें. आम्ही तेरा वर्षांचे होतों. आखातांतून मामांनीं आणलेला तो रेडिओ-कॅसेटचा जोडसंच होता. खोलींतली एकुलती एक विजेची जागा गौरींच्या मखरांतल्या दिव्यांनीं अडविलेली, म्हणून मुद्रण सेलांवर केलें. आणि त्याच सेलांवर दिवसभर आम्हीं सिनेमाचीं गाणीं ऐकलीं होतीं. सेल उतरत आले म्हणजे चाकांची गति मंदावते. फीत हळू चालत असतां जें गाणें भरलें तें योग्य गतीनें वाजविलें कीं जलद आणि चढें वाजणारच. आणि जों जों सेल उतरत गेले तों तों हें चढणें वाढत गेलें. दुकानदाराचा दोष नाहीं, प्लेअरचा नाहीं, अण्णांच्या कानाचा तर मुळींच नाहीं. एका सुराचें अंतर म्हणजे गतींत शेंकडा सहाचा फरक. येथें आरंभीं शेंकडा सुमारें चार आणि अखेरीस सात भरला. कंठ त्यामुळें पातळ, पोरकट आणि उतावळा झाला होता. सत्तेचाळीस वर्षें घरांतल्या यच्चयावत् माणसांनीं त्यालाच आत्या म्हटलें. एका अण्णांनीं म्हटलें नाहीं, आणि वेडे ते ठरले.

गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांचें भैरवींतलें एक गाणें १९७७ सालीं अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत पाठविलें गेलें, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. त्या तबकडीच्या वेष्टणावर आकृत्या कोरल्या आहेत. तबकडी कोणत्या गतीनें फिरवावी, हें त्यांत प्रथम सांगितलें आहे. एका फेरीस ३.६ सेकंद लागावे. आणि परलोकींच्या श्रोत्यांस आपला सेकंद कसा कळणार, म्हणून तो काळ हायड्रोजन अणूच्या एका स्वाभाविक घडामोडीच्या मापानें दाखविला आहे. ज्यांचें अस्तित्वहि ठाऊक नाहीं अशा श्रोत्यांनीं केसरबाईंस चुकीच्या पट्टींत ऐकूं नये म्हणून शास्त्रज्ञांनीं केवढी ही काळजी घेतली! आणि आम्हीं मिश्रणकेंद्र टाळलें, बिट मोजले, चादर धरून परीक्षा घेतली, पण आमच्या आत्याची गति बरोबर आहे कीं नाहीं हें पेटी काढून एकदांहि पाहिलें नाहीं.

दुरुस्ती प्लेअरमध्यें करावयाची नाहीं, असें चिरंजीवांनीं ठरविलें. मूळ फाइलीस हात न लावतां तिची दुसरी प्रत 'ऑडॅसिटी' नांवाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालींत उघडली. अकरा मिनिटांचे लहान लहान भाग पाडले. प्रत्येक भागाशीं अण्णांनीं पेटीवर काळी चार धरून बसावें आणि चिरंजीवांनीं गति हळूहळू उतरवावी. दोन्ही सूर मिळून त्यांतली थरथर थांबली कीं अण्णा बोट उचलीत. असे तीन दिवस गेले. दिवसा आमच्या आसपास जुन्या इमारती पाडण्याचें काम चालू असतें, आणि लिंक रोडवरून २०२२ पासून मेट्रो धांवते. म्हणून दोघेहि पहांटे चार वाजतां उठून बसत. त्या निमित्तानें आणखी एक शहाणपण आम्हांस आलें. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आणि एक स्पीकर फ्रिजच्या डोक्यावरून व दुसरा कपाटाच्या बगलेंतून काढून दोन्ही कानांच्या उंचीवर, भिंतीपासून जरा दूर, ऐकणाऱ्याशीं समान अंतरावर ठेवले. यानें आवाजांत जो फरक पडला तो ओळखण्यास चादर धरावी लागली नाहीं. बंधूंनीं स्वयंपाकघरांतून विचारलें, "नवे स्पीकर आणले काय?"

चवथ्या दिवशीं पहांटे सर्वजण बसलों. भीमपलास सुरू झाला. तोच रस्ता, तीच बंदिश. पण आवाज खालीं आला होता, रुंद झाला होता, आणि प्रत्येक सुरावर जरा अधिक रेंगाळत होता. पोरकट मुलगी नाहींशी होऊन तिच्या जागीं पन्नाशीच्या घरांतली, दम राखून गाणारी बाई येऊन बसली. अण्णांनीं डोळे उघडले नाहींत. उजव्या हाताचीं बोटें तेवढीं आरामखुर्चीच्या हातावर भात्याशिवाय पेटी वाजवीत होतीं. भैरवी संपली, तेव्हां ते म्हणाले, "हं, ताई." आणि थोड्या वेळानें, "सम किती सावकाश घ्यायची ती, पाहिलेंस?" हें कोणास उद्देशून होतें तें कळलें नाहीं.

चिरंजीवांनीं पडद्याकडे पाहून सांगितलें कीं, अकरा मिनिटांचें गाणें आतां अकरा मिनिटें छत्तीस सेकंदांचें झालें आहे. आत्याच्या एवढ्याशा गाण्यांतले ते छत्तीस सेकंद इतकीं वर्षें आम्हीं अडवून ठेवले होते.

जें परत येत नाहीं तेंहि लपवीत नाहीं. एमपीथ्रीनें गाळलेलें गेलें तें गेलें. आत्याच्या आवाजाच्या कडा अजून जरा झिजल्यासारख्या लागतात, आणि जगांतला कोणताहि प्लेअर, फुकटचा असो वा सोनेरी अक्षरांचा असो, त्या कडा परत देणार नाहीं. म्हणून वाचकांस एवढेंच सांगणें. आपल्या घरीं कोणाच्या आवाजाची जुनी फीत असेल, तर तिची फ्लॅकमध्यें प्रत करा, दोन ठिकाणीं ठेवा, आणि मूळ फीत कोणाच्याहि सांगण्यावरून भंगारांत देऊं नका. प्लेअर कोणताहि घ्या. त्यानें आपल्या पदरचें कांहीं न घालावें इतकें पाहा. आणि सर्व लावून झालें कीं घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसास शेजारीं बसवून विचारा, "बरोबर वाजतें आहे ना?"

आमचा सोनेरी प्लेअर अजून संगणकांत आहे. निळा दिवा सुंदर दिसतो म्हणून नातू तो मधूनमधून लावतो. गाणें मात्र आम्ही फूबारवर ऐकतों. आणि पेटी आतां दिवाणाखालीं नसून स्पीकरच्या शेजारीं असते.